बी.ए.चा नमुना

कापसाच्या गाडीवर कोणी विश्वास ठेवू नये. वरचा थर असा पांढराशुभ्र, की बघणाऱ्याला वाटावं आताच्या आता गादी भरून घ्यावी. आणि कोपरापर्यंत हात खुपसला की खाली ओलसर, पिवळा, पाणी मारलेला माल. एकदा तर माझ्या हाताला मांजर लागलं होतं. नंदुरबारच्या एका जिनात मी कापूस पारखायला आहे. म्हणजे शेठनं माल घ्यायचा की नाही आणि घ्यायचा तर काय भावानं, हे मी मूठभर नमुना ओढून सांगतो. या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर माणूस बायकोनं वाढलेली पोळीसुद्धा खालून उलटून बघतो. सरलाबाई, म्हणजे आमची मंडळी, या सवयीवर फार चिडते. चिडो बापडी. पोळी करपलेली निघते ती निघतेच.

हे सांगायचं कारण, माझी मुलगी प्रमिला मॅट्रिक झाली.

झाली तर झाली. पेढे वाटले, देवाला नारळ फोडला, विषय संपला असं मी धरून चाललो होतो. तर नेमकं त्याच उन्हाळ्यात गावात कॉलेज निघालं. इतकी वर्षं गावाचं कॉलेजावाचून काही अडलं नव्हतं. माझी मुलगी मॅट्रिक होते आणि लगेच कॉलेज निघतं, यात कोणाचं तरी संगनमत असावं अशी शंका मला तेव्हाही होती आणि आजही आहे.

"नाना, मले कॉलेजमा जानं शे," प्रमिला म्हणाली.

"काब्र?"

"शिकाले."

"शिकीसन काय करशी?"

"शिकसू तवय सांगसू."

हे उत्तर मला बिलकुल आवडलं नाही. माल घरी न्या, भाव मागाहून सांगतो, असं एखादा शेतकरी मला म्हणाला असता तर मी त्याचे बैल तोंड फिरवून गावाकडे लावले असते. पण ही पोटची पोर पडली. फीचा आकडा तिनं सांगितला, तो मी पुन्हा विचारला, दुसऱ्यांदा कमी होईल या आशेनं. नाही झाला. वर पुस्तकं, वर वह्या, वर कॉलेजात परकर-पोलकं शोभत नाही म्हणून पातळं, वर पावसाळ्यात छत्री. एवढ्यात मी धानोऱ्याच्या शेतातल्या विहिरीला इंजिन बसवलं असतं, आणि इंजिन निदान पाणी तरी देतं.

"लगीनले लागतीनच ना पैसा?" सरलाबाई चुलीपाशी बसून, माझ्याकडे न बघता म्हणाली. "त्यामाना थोडा आते लागनात, समजा."

म्हणजे घरातच फितुरी होती.

आता असली गोष्ट आपल्या घरात राहत नाही. आमच्या भिंतीला भिंत लावून भटूअप्पा राहतात. तलाठी होते, निवृत्त झाले, पण लोकांच्या घरात काय चाललंय याची पाहणी करायची सवय काही निवृत्त झाली नाही. ते दुसऱ्या दिवशी सकाळीच ओट्यावर येऊन बसले.

"गिरधर, इचार कर भो. मॅट्रिक पोरले मॅट्रिक पोऱ्या चाली जास. बी.ए. पोरले बी.ए. लागी. आनि बी.ए. पोऱ्याना बाप काय मांगी, ते तुले ठाऊक शे का?"

समोरच्या रुखमाबाईंनी दारातूनच हातवारे करून सांगितलं, की कॉलेजात मुलं-मुली एकाच खोलीत बसतात, मास्तर हजेरी घेतो पण कोणाकडे बघत नाही, आणि फार वाचलं की मुलींना चष्मा लागतो. चष्मा लागलेल्या मुलीचं पुढे काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही, पण मान अशी हलवली की मी घाबरलो.

मला हे सगळं पटलं. इतकंच नव्हे, मी त्यात माझी भर घातली. मी म्हणालो, "कॉलेज म्हणजे पाणी मारेल कापूस. तोलवर वजन दिसस, उन्हायामा वाळी जास." भटूअप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग मी हे वाक्य जिनात सांगितलं, न्हाव्याकडे सांगितलं, देवळात आरती संपल्यावर सांगितलं. माणसाला आयुष्यात एखादंच चांगलं वाक्य सुचतं. ते वापरून घ्यावं.

पण एक आहे. मी न्यायी माणूस आहे. नमुना न बघता मी आजवर कोणाची गाडी परत पाठवलेली नाही. तेव्हा पावसाआधी जीन बंद होतं त्या रिकाम्या दिवसांत एका सकाळी धुतलेलं धोतर नेसलो, टोपी घातली, खांद्यावर उपरणं टाकलं आणि कॉलेज बघायला गेलो.

कॉलेज म्हणजे काय, तर भाड्याची लांबलचक इमारत, वर पत्रा. दारात शिपाई बसला होता. त्यानं मला खालून वर पाहिलं आणि म्हणाला, "रखवालदाराची जागा भरली. काल यायचं होतं."

तेवढ्या भांडवलावर मी परत फिरणार होतो. पण अपमान झाल्यावर लगेच निघून गेलं तर तो खरा ठरतो, म्हणून आत गेलो. खिडकीत एक तरुण कारकून बसला होता.

"मला एक बी.ए. बघायचा आहे," मी म्हणालो. कचेरीत मी शुद्ध बोलतो.

"नाव काय त्यांचं?"

"नाव कुठलंही चालेल. पूर्ण झालेला हवा."

त्यानं टाक खाली ठेवला. "अहो, कॉलेज आत्ता कुठं निघतंय. आमचे बी.ए. व्हायला चार वर्षं लागतील."

"म्हणजे माल तयार नाही, नमुना नाही, आणि पैसे आगाऊ?"

"हे कॉलेज आहे हो!"

"ते पाटीवर वाचलं मी."

त्यावर तो म्हणाला, संस्थेची पाहणी करायची असेल तर प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज करा. मी म्हटलं, करतो, प्राचार्य कुठं आहेत? तर प्राचार्य अजून रुजू व्हायचे होते. मात्र प्रवेश सोमवारी संध्याकाळी बंद होणार होते. ज्या दुकानात मालक नाही, माल नाही, पण दुकान बंद व्हायची वेळ ठरलेली आहे, त्या दुकानाबद्दल शहाण्या माणसानं काय समजावं?

घरी आलो तर प्रमिला दारात उभी होती. नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणालो, "दखू." ती आत गेली. आतून भांडी जरा हळू वाजायला लागली, म्हणजे आई आणि लेक दोघी कान देऊन होत्या.

मला हवा होता एक तयार बी.ए. भटूअप्पांना विचारलं. त्यांना आसपासच्या सगळ्या तालुक्यांतली जमीन आणि माणसं पाठ. ते म्हणाले, नदीपल्याड म्हसावदला चुडामण पाटील आहेत, आपल्याच जातीचे, चांगली बागायत आहे. त्यांचा मुलगा भिकन पुण्याहून बी.ए. होऊन वर्षभर घरीच आहे.

"घरीच?" मी म्हणालो. माझा संशय लगेच पक्का झाला.

"घरीच. पेपर वाचस."

भटूअप्पा दुसऱ्या दिवशी म्हसावदला कुणाच्या तरी बारशाला जाणारच होते. मी त्यांना निरोप दिला, "चुडामण पाटीलले सांगा, गिरधरले तुम्हना पोऱ्या दखना शे. गुरुवारे घर लई या."

भटूअप्पांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग हळूच हसले आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "वा रे गिरधर! मी समजनू." काय समजले ते मी विचारलं नाही. माझी वृत्ती इतकी संशयी, पण ऐन वेळी ती कुठे चरायला जाते कोण जाणे. ज्याच्या घरात मॅट्रिक झालेली मुलगी आहे त्यानं एका बिनलग्नाच्या मुलाला "बघायला" बोलावलं, तर चार माणसं काय समजतील हे आमच्या गल्लीतल्या शेळीलाही कळलं असतं.

गुरुवारी मी एका बी.ए.ची वाट पाहत होतो, तर शहाद्याच्या मोटारीतून चार माणसं उतरली. चुडामण पाटील, जरीची टोपी घालून. त्यांचे थोरले भाऊ. त्यांची बहीण रेवाबाई, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. आणि मागे पांढरा शर्ट, पॅंट घातलेला, मान खाली घातलेला भिकन. एका नमुन्याबरोबर इतकी माणसं कशाला, असं वाटलं. पण पाहुणे म्हणजे पाहुणे. सरलाबाईनं खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या, उरल्यासुरल्या आंब्यांचा रस केला. भटूअप्पा बोलावलेलं नसताना आले. रुखमाबाईही भांडं मागायला म्हणून आल्या आणि राहिल्या.

जेवण झाल्यावर मी भिकनला ओट्यावर उजेडात बसवलं आणि पारखायला लागलो. हात बघितले. मऊ होते. सदऱ्याची कॉलर बघितली. स्वच्छ होती, पण ती त्याच्या आईनं धुतलेली असणार.

"काय शिकलास?"

"इतिहास, काका. आणि थोडं तर्कशास्त्र."

"घरमा बी आसाच पुस्तकसारखा बोलस," चुडामणभाऊ मध्येच म्हणाले. आवाजात तक्रार होती की कौतुक, मला ओळखता आलं नाही.

"तर्कशास्त्रानं काय होतं?"

"बरोबर काय नि चूक काय, हे ठरवता येतं."

"मग ठरवलंस का काही?"

त्यानं खरोखर विचार केला. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलून माझ्या डोळ्यांत धूळ फेकणार. तर म्हणाला, "अजून नाही."

आता याला काय म्हणावं? मूठभर ओढावं तर तंतू तुटतही नाही आणि लांबही निघत नाही. मी त्याला सरळच विचारणार होतो की बाबा, वसूल झालं का तुझं शिक्षण, तेवढ्यात प्रमिला पाणी घेऊन आली. तांब्या ठेवला आणि जायच्याऐवजी उभी राहिली.

"कॉलेजमधली पुस्तकं घरी आणू देतात का हो?" तिनं भिकनला विचारलं. एकदम शाळेतली मराठी.

"हो. कार्डावर दोन मिळतात. वाचून झाली की दुसरी दोन."

"कितीही वेळा?"

"कितीही."

प्रमिलाचं तोंड असं उजळलं, की मी दुसरीकडे बघितलं. पोरीनं इतकी वर्षं आमच्या घरात किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून काढले होते, हे मला एकदम आठवलं. आणि भिकन, सकाळपासून मान खाली घातलेला, तोही पहिल्यांदा माणसासारखा हसला. मी हे पाहिलं, बाकीच्या सगळ्यांनी पाहिलं. त्यांनी त्यातून काय घेतलं ते मला मागाहून कळलं.

मग गोष्टी कापसावर आल्या. औंदा भाव कसा चढला, कोणी कोणी माल दाबून ठेवलाय. आणि बोलता बोलता चुडामणभाऊ माझ्याजवळ सरकले, कानाशी म्हणाले, "गिरधरभाऊ, आते आपला सौदा करी टाकू," आणि आपलं उपरणं माझ्या हातावर टाकलं.

इथं जरा थांबून सांगायला हवं. आमच्याकडे बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबायची. इतकी बोटं म्हणजे इतके शेकडे. चार माणसांत बसून सौदा होतो आणि पाचव्याला पत्ता लागत नाही. सरकारनं बाजारात ही पद्धत बंद केली म्हणतात, पण हाताला कायदा वाचता येत नाही. उपरण्याखाली हात गेला की माझं डोकं थांबतं आणि बोटं चालू होतात. म्हटलं, बागायतदार माणूस, ठेवला असेल घरात माल दाबून. त्यांनी चार बोटं दाबली. मी दोन. त्यांनी तीन. मी दोन आणि करंगळीचं टोक. त्यांनी सुस्कारा सोडला, तीन सोडून माझ्या दोन आणि टोकावर आले, आणि मी नेहमीच्या सवयीनं त्यांचा अख्खा पंजा घट्ट दाबला. म्हणजे पक्कं.

"जमनं!" चुडामणभाऊ ओरडले. "फोडा सुपारी!"

भटूअप्पांच्या खिशात सुपारी तयार होती. खलबत्त्याच्या एका घावात फोडली. रेवाबाईंनी फडकं सोडलं, त्यात गूळ निघाला, तो सगळ्यांच्या हातावर ठेवला. मीही खाल्ला. मला वाटलं, म्हसावदकडे कापसाच्या सौद्याला बराच मान देतात. मग रेवाबाईंनी प्रमिलाला ओढून पाटावर बसवलं, कपाळाला कुंकू लावलं आणि तिच्या ओटीत नारळ घातला.

उरलेला गूळ मी हळूच खाली ठेवला. आमच्याकडे सुपारी फुटली की सोयरिक झाली. कापसाच्या सौद्यात ओटी भरत नाहीत. म्हणजे उपरण्याखाली मी हुंडा ठरवला होता.

मी प्रमिलाकडे पाहिलं. ती रडत नव्हती. ओटीतला नारळ दोन्ही हातांनी धरून माझ्याकडे बघत होती.

पाहुणे सोमवारी सकाळी तिथी काढायला येतो म्हणून सांगून गेले. आणि त्या दिवसापासून माझी गावात जी वाहवा सुरू झाली, ती काही विचारू नका. जिनाच्या फाटकावर शेठनं मला हाक मारून म्हटलं, "गिरधर, तू पक्का व्यापारी! पोरीला कॉलेजात घालून चार वर्षं पैसा घालवण्यापेक्षा तयार बी.ए.च घरात आणलास!" न्हावी म्हणाला, अशी अक्कल पाहिजे. भटूअप्पा गल्लीत सांगत फिरत होते की ही युक्ती आधीपासून दोघांची होती. दोन दिवस मला स्वतःलाच वाटायला लागलं, की हे मी ठरवूनच केलं असावं. कौतुक फार वाईट. संशयी माणसालाही ते तपासून घ्यावंसं वाटत नाही.

प्रमिला माझ्याशी बोलत नव्हती. वाढायची, भांडी उचलायची, जायची. रविवारी दुपारी मी पोळी उलटून बघत होतो, तेव्हा ती समोर उभी राहिली.

"नाना, पोळी बी दखीसन खातस तुम्ही. मले इचारं का? मी काय गाडीमाना कापूस शे का?"

सरलाबाईनं तव्यावरून हात काढला नाही, पण तिनंही मागे वळून पाहिलं. मी पोळी ताटात ठेवली. माझी एवढीशी पोर, अंगणात बसून खडूनं फरशीवर अक्षरं काढायची, आणि मी तिला उपरण्याखाली देऊन टाकली होती. मला माझीच लाज वाटली, अगदी मनापासून वाटली.

पण करायचं काय? नीट बघा माझी अडचण. सौदा मोडतो म्हटलं तर मी लबाड. आजवर माझ्या उपरण्याखाली झालेला सौदा फिरला नव्हता. एकदा फिरला तर पुढच्या हंगामात माझ्या हाताला हात कोण लावणार? आणि खरं सांगावं, की मला वाटलं कापूस, तर मी मूर्ख. कापूस कुठला नि जावई कुठला हे ज्याला ओळखता येत नाही, त्याला कापूस पारखायला शेठ कशाला ठेवेल? लबाड माणूस बाजारात खपून जातो. मूर्खाची मात्र नोकरी जाते. रात्रभर मी या दोहोंतून निवड करत होतो. सकाळी मोटार आली तरी निवड झाली नव्हती.

चुडामणभाऊ पंचांग घेऊन आले, बरोबर भिकन. भटूअप्पा आणि रुखमाबाई आधीच येऊन बसले होते. मी हात जोडले आणि म्हणालो, "भाऊ, चूक व्हई गई. मले वाटनं कापूसना सौदा शे."

मग भटूअप्पा असे हसले की भिंतीला टेकले. रुखमाबाईंनी पदर तोंडाला लावला. संध्याकाळपर्यंत हे सगळ्या गावात जाणार हे मला दिसत होतं. बसा म्हटलं हसत.

चुडामणभाऊ मात्र हसले नाहीत. "मन्हा घरमा कापूसनं बोंड नही. ऊस शे, केळी शेत. तुम्हले लगीन करनं नव्हतं, मंग मन्हा पोऱ्या कसाले दखा?"

"कॉलेजमा पैसा घालाना का नही, ते ठरावाले. बी.ए. कसा ऱ्हास ते दखनं व्हतं."

"म्हंजे नमुना?"

मी मान हलवली. आता हा माणूस उठून जाणार, जाताना चार शब्द ऐकवणार, मी तयारीत बसलो. भिकन जमिनीकडे बघत होता. चुडामणभाऊंनी पंचांग मिटलं, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि माझ्याकडे बघून अगदी हळू आवाजात म्हणाले, "मंग सांगा ना. तुम्ही पारखी मानूस. काय ठरावं तुम्ही? वसूल व्हयनात का मन्हा पैसा?"

टोमणा नव्हता हो तो. त्या माणसाला खरंच विचारायचं होतं. शेत गहाण न ठेवता पण पोटाला चिमटा घेऊन त्यानं मुलाला पुण्याला ठेवलं होतं, आणि वर्षभर गावातल्या लोकांचं "घरीच का?" ऐकत होता. माझ्या त्या पाणी मारलेल्या कापसाच्या वाक्यावर म्हसावदलाही लोक हसले असतील. आता तेच वाक्य माझ्या जिभेवर होतं, आणि भटूअप्पा तोंड उघडून त्याची वाट बघत होते. आतल्या दारात प्रमिला उभी होती. "नाही" म्हटलं तर त्या पोराची मान कायमची खाली. "हो" म्हटलं तर माझ्या पोरीची फी संध्याकाळच्या आत भरायची.

मी भिकनकडे पाहिलं. वर्षभर घरी बसलेला पोरगा. पण मी त्याला विचारलं तेव्हा "अजून नाही" म्हणाला होता. इतक्या वर्षांत एका तरी गाडीवाल्यानं मला सांगितलं का, की खाली माल कसा आहे ते मलाही ठाऊक नाही?

"वसूल शे," मी म्हणालो. "माल खरा शे. पानी मारेल नही."

चुडामणभाऊंनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली, पण नीट बसेना त्यांना. डोळे पुसायला तेवढंच निमित्त झालं. मग उठून माझा हात धरला, उघड्यावर, उपरणं न टाकता. "आसं शे तं मंग पोरले घाला कॉलेजमा. सोयरिकनं दखाई जाई. मी काई सौदा धरीसन बसाव नही."

मी सुटलो. हलकं हलकं वाटलं. आणि तेवढ्यात भिकन बापाकडे वळून म्हणाला, "दादा, वसूल आहे म्हणतात तर मग मी एम.ए.ला जाऊ?"

चुडामणभाऊंनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मी विसरायचं ठरवलंय.

पाहुण्यांची जेवणं आणि फीची जमवाजमव यांत दुपार उलटली, वेळ थोडा उरला. प्रमिला आतून दाखला घेऊन आली, वेणी अर्धीच घातलेली. आम्ही कॉलेजात पोचलो तेव्हा तोच कारकून खिडकी ओढायच्या बेतात होता. मला बघून म्हणाला, "बी.ए. अजून तयार नाहीत." मी दाखला पुढे केला. त्यानं नाव वाचलं आणि परत सरकवला.

"या मुलीचं लग्न ठरलंय ना? दिवाळीनंतर लग्न झालं की मुलगी जाते, जागा रिकामी राहते. तशी तोंडी सूचना आहे वरून."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"रुखमाबाई माझी मावशी. गूळ मीसुद्धा खाल्लाय."

"सोयरिक मोडली."

"तसं लेखी आणा."

"सोयरिक मोडल्याचं लेखी कोण देतं हो?"

"मग मुलाकडचं कोणीतरी आणा. मी तरी काय करू?" आणि त्यानं खिडकीला हात घातला. प्रमिलानं माझा सदरा मागून घट्ट धरला. लहानपणी जत्रेत धरायची तसा.

माझ्यामागे चुडामणभाऊ उभे होते. परतीची मोटार संध्याकाळी होती म्हणून बरोबर आले होते. त्यांनी मला बाजूला केलं आणि खिडकीत आडवा हात टाकला.

"मी पोऱ्याना बाप. सोयरिक मोडनी. मीच मोडी. लिखा नाव."

"कारण काय मोडायचं?"

"पोरले शिकनं शे."

"आणि तुम्हीच मुलाचे बाप हे कशावरून, की तुमचं ऐकून मी..."

"मी?" चुडामणभाऊंचा आवाज एवढा चढला, की शिपाई उठून उभा राहिला. "मन्हा पोऱ्या बी.ए. शे! इतिहास आनि तर्कशास्त्र! आते एम.ए.ले जाई ऱ्हायना! लिखा!"

वर्षभरात हे वाक्य ते चारचौघांत पहिल्यांदा बोलले असावेत. भिकन फाटकापाशी उभा होता, त्याच्यापर्यंत ते ऐकू गेलं. कारकुनानं टाक दौतीत बुडवला आणि लिहायला लागला.

फी भरली. पावती मी उजेडाला धरून, उलटसुलट करून घेतली. प्रमिलाला आत बोलावलं, विषय लिहायला. आम्ही पुढे निघालो तर शिपायानं अडवलं. पालकांना इथून पुढे जाता येत नाही म्हणाला. तिनं एकदा मागे पाहिलं, हसली आणि धावतच आत गेली. भिकन तिला कुठल्या खोलीत जायचं ते लांबून हातानं दाखवत होता, जरी त्याला या कॉलेजातली एकही खोली ठाऊक नव्हती.

आम्ही दोघे बाप बाहेरच्या लिंबाखाली जाऊन बसलो.

"गिरधरभाऊ," मग चुडामणभाऊ म्हणाले, "आते आठे कोनी नही. खरं सांगा. वसूल व्हई का?"

"मले काय ठाऊक, भाऊ? पोर शिकीसन बाहेर येई तवय समजी."

"मन्हा तं बाहेर ईसन वरीस व्हयनं," चुडामणभाऊ म्हणाले. "मले आजून समजनं नही."

मला हसू आलं. त्यांनाही आलं. कॉलेजच्या दारात दोन म्हातारे मोठमोठ्यानं हसताहेत म्हणून शिपाई पुन्हा बाहेर आला, आमच्याकडे संशयानं बघून आत गेला. आम्ही तिथंच बसून राहिलो.